चिपाडाची धग जाते कुठे?

दिवाळी सरली की राजारामपुरीच्या किराणा दुकानांत नवा गूळ दिसू लागतो. गिऱ्हाईक आधी रंग बघते, मग नखाने टोकरून चव घेते. पिवळाधमक रवा चढ्या भावाने जातो, काळपट मागे राहतो. रंग, चव आणि गुऱ्हाळमालकाच्या हाती उरणारे चार पैसे, तिन्ही गोष्टी काहिलीखालच्या जाळावर ठरतात. हा जाळ नीट मोजला तर मात्र एक अस्वस्थ करणारा हिशेब समोर येतो. चिपाडे जाळून जेवढी उष्णता तयार होते, तिच्यातला जेमतेम तिसरा हिस्सा गुळाच्या कामी येतो. बाकीची जाते कुठे?

या प्रश्नाचे मोजूनमापून उत्तर देण्याचा एक चांगला प्रयत्न आयआयटी मुंबईच्या विशाल सरदेशपांडे, डी. जे. शेंडगे आणि इंदू पिल्लई यांनी केला. चार काहिलींच्या एका पारंपरिक चुलवाणाचा त्यांनी ताळेबंद मांडला आणि तो २०१० मध्ये ‘एनर्जी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ताळेबंद हा शब्द इथे अगदी चपखल आहे. आत किती रस आला, किती चिपाड जळले, धुराड्यातून बाहेर पडणारा वायू किती तापलेला होता, त्यात प्राणवायू किती उरला होता, भिंती किती तापल्या, या सगळ्यांची जमा आणि खर्चाची बाजू जुळवायची. उष्णता नाहीशी होत नाही, त्यामुळे बेरीज जुळलीच पाहिजे. जुळली तेव्हा असे दिसले की, गूळ करायला तत्त्वतः लागणारी उष्णता चिपाडातून मिळालेल्या एकूण उष्णतेच्या फक्त २९ टक्के होती. मोठी गळती दोन ठिकाणी होती: धुराड्यातून जाणारा तप्त वायू आणि चुलवाणाच्या भिंती.

हा आकडा घरबसल्या पडताळता येतो. एक किलो गुळासाठी साधारण पाच किलो रस लागतो, म्हणजे जवळपास चार किलो पाणी वाफ करून उडवायचे. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता पुरते. पण त्याच १०० अंशांच्या पाण्याची वाफ करायला २,२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे साडेसात पट. शाळेत अप्रकट उष्मा म्हणून शिकलेली गोष्ट हीच. उकळी फुटली की स्वयंपाक लवकर होईल या आशेने गॅस मोठा करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवायला हरकत नाही. आच वाढवून उघड्या पातेल्यातल्या पाण्याचे तापमान चढत नाही, पाणी तेवढे लवकर उडते. गुळाला मात्र पाणी उडवायचेच असते. रस तापवणे आणि पाणी उडवणे मिळून किलोमागे साधारण दहा हजार किलोज्यूल होतात. उन्हात वाळलेले एक किलो चिपाड पंधरा-सोळा हजार किलोज्यूल देते. म्हणजे एक किलो गुळाला ६५० ते ७०० ग्रॅम चिपाड पुरायला हवे. त्या चुलवाणात जळत होते २.३९ किलो.

आता हा फरक कुठे पडतो ते पाहायला चुलवाणाच्या तोंडाशी जावे लागेल. तिथे बसलेला माणूस सतत चिपाडे आत सारत असतो. एक किलो वाळलेले चिपाड पूर्ण जळायला सुमारे पाच किलो हवा लागते, आणि ही हवा आत ढकलायला गुऱ्हाळावर पंखा नसतो. ती धुराडे ओढते. तापलेला वायू हलका असतो, बाहेरची गार हवा जड, आणि या वजनातल्या फरकावर सगळा कारभार चालतो. समजा धुराडे १० मीटर उंच आहे आणि आतला वायू ५०० अंशांवर आहे. बाहेरच्या एक घनमीटर हवेचे वजन सव्वा किलोच्या आतबाहेर, आतल्याचे अर्ध्या किलोहून कमी. या फरकातून मिळणारी ओढ फार तर सात मिलिमीटर पाण्याच्या दाबाइतकी भरते. करंगळीच्या नखापेक्षा कमी उंचीचा पाण्याचा थर जेवढा दाब देईल, तेवढ्यावर हा वणवा पेटता राहतो.

म्हणूनच चिपाड कसे घातले जाते याला एवढे महत्त्व. मोठा भारा एकदम आत गेला तर हवा कमी पडते, चिपाड अर्धवट जळते, काळा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. म्हणजे विकत न घेतलेले पण कष्टाने वाळवलेले इंधन न जळताच निघून जाते. भारा जळून गेला आणि पुढचा यायला वेळ लागला की उलटा प्रकार होतो. जास्तीची गार हवा आत शिरते, तापते आणि कुठलेही काम न करता धुराड्यातून निघून जाते. दोन्ही चुका एकाच माणसाच्या हातून दर काही मिनिटांनी होत असतात, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण त्याला आतले दिसत नाही. बाहेरच्या हवेत २१ टक्के प्राणवायू असतो. धुराड्यातल्या वायूत त्यातला किती शिल्लक आहे हे मोजले की जळण नीट होते आहे का ते कळते. या संशोधकांनी नेमके हेच केले. चुलवाण बदलले नाही, काहील बदलली नाही. प्राणवायूच्या टक्केवारीकडे पाहून चिपाड घालण्याचा वेग तेवढा आवरला. किलोमागे २.३९ किलोंवरून खप १.७३ किलोंवर आला. दिवसाला एक हजार किलो गूळ काढणाऱ्या ठिकाणी हा फरक ६६० किलो चिपाडाचा होतो. अर्थात हे एका चुलवाणावरचे आकडे आहेत. प्रत्येक गुऱ्हाळावर ते असेच येतील असे नाही, पण गळतीची जागा सगळीकडे तीच असते.

मोजणे हा या शास्त्राचा एक पाय. दुसरा पाय गणिताचा. सगळ्या चुलवाणांवर सगळे प्रयोग करून बघणे परवडत नाही. धुराडे दोन मीटर वाढवले तर काय होईल हे बघायला ते बांधावेच लागेल. त्याऐवजी चुलवाणाची प्रतिकृती संगणकात उभी करतात. आतली जागा हजारो-लाखो लहान खणांत वाटायची आणि प्रत्येक खणासाठी तोच जमाखर्च लिहायचा: किती वायू आला, किती गेला, कुठल्या वेगाने, किती उष्णता घेऊन. उष्णता पदार्थातून कशी सरकते याचे समीकरण जोसेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. वाहत्या द्रवाची आणि वायूची समीकरणे क्लोद-लुई नाव्हिए आणि जॉर्ज स्टोक्स यांच्या नावाने ओळखली जातात. ती कागदावर पूर्णपणे सोडवणे इतके अवघड आहे की, त्यांच्याविषयीचा एक मूलभूत प्रश्न सोडवणाऱ्यासाठी अमेरिकेच्या क्ले संस्थेने २००० साली दहा लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले. ते अजून कुणाला मिळालेले नाही. संगणक मात्र ती खणाखणाने, कामापुरती सोडवतो. पेरू देशातल्या पिउरा विद्यापीठात राउल ला माद्रिद आणि सहकाऱ्यांनी तिथल्या गुळाच्या काहिलींचे असे संगणकी चित्र तयार केले आणि प्रत्यक्ष कारखान्यात घेतलेल्या मोजमापांशी ताडून पाहिले. लॅटिन अमेरिकेत गुळाला ‘पनेला’ म्हणतात. उघडी काहील, खाली जाळ, शेजारी चिपाडाचा ढीग, चित्र आपल्याकडचेच. ताडून पाहणे महत्त्वाचे, कारण न तपासलेले संगणकी चित्र हे रंगीत चित्रच असते.

हे गणित कोल्हापूरला परके नाही. राजारामपुरीला लागून असलेल्या शिवाजी उद्यमनगरातून आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रींतून ते रोज वापरात येते, फक्त उलट्या बाजूने. तिथे उष्णता आत घालायची नसते, साच्यातल्या वितळलेल्या लोखंडातून बाहेर काढायची असते. जाड भाग उशिरा गोठतो आणि गोठताना आकसून पोकळी धरतो. ओतकाम गोठायला लागणारा वेळ त्याच्या घनफळ आणि पृष्ठफळाच्या गुणोत्तराच्या वर्गावर अवलंबून असतो, हा ख्व्होरिनोव्ह यांचा १९४० चा नियम आजही कामाला येतो, आणि आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी त्यासाठी ‘ऑटोकास्ट’ हे भारतीय सॉफ्टवेअर घडवले. फौंड्रीत एक ओतकाम बाद झाले की नुकसान लगेच दिसते, म्हणून मालक संगणकावर खर्च करतो. गुऱ्हाळात वाया गेलेली उष्णता धुरासारखी उडून जाते. तिचे बिल येत नाही.

काहिलीच्या वरच्या बाजूलाही तोच खेळ आहे, आणि खाणाऱ्यांच्या दृष्टीने तो जास्त महत्त्वाचा. सुरुवातीला रस पातळ असतो. तळाशी तापलेला रस वर येतो, वरचा खाली जातो, उष्णता आपोआप सगळीकडे पोचते. भेंडीचा चीक घातला की मळी वर येते, ती काढता येते. पाणी उडत जाते तसा रस दाट होतो, त्याचे अभिसरण मंदावते, आणि उत्कलनबिंदूही चढत जातो. काकवी साधारण १०५-१०६ अंशांवर उतरवतात, घट्ट गूळ ११८ अंशांच्या आसपास. म्हणजे इथे थर्मामीटर खरे तर शिल्लक पाणी मोजतो. गुळव्या हेच काम पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून, बोटांनी गोळी वळून करतो, आणि पाकाचा आवाज ऐकूनही. शेवटच्या काही मिनिटांत पाक जागचा हलत नाही, तळाला लागलेला थर वरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो. जाळ तेव्हा कमी केला नाही, ढवळणे थांबले, तर साखर करपते आणि रंग काळवंडतो. रंग गेला की भाव जातो. मग रंग उजळायला हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, टाकण्याचा मोह होतो. त्यातून गुळात राहणारे सल्फरचे अंश दम्याच्या काही रुग्णांना त्रासदायक ठरतात. गुळाचा रंग फक्त जाळावर ठरत नाही; उसाची जात, जमीन, खत यांचाही वाटा असतो. पण करपणे टाळणे हे उष्णतेचेच काम आहे.

आणि काहिलीभोवती उभी असलेली माणसे? घामाच्या प्रत्येक लिटरमागे, तो कातडीवर वाळला तर, शरीरातून सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. चिपाड खाऊन टाकणारा तोच अप्रकट उष्मा इथे माणसाचा जीव वाचवतो. अट एकच, घाम वाळायला हवा. काहिलीतून तासन्‌तास वाफ उठत असलेल्या, खाली छप्पर असलेल्या शेडमध्ये हवा आधीच दमट असते. घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि शरीर तापत राहते. चक्कर, पेटके, डोकेदुखी ही त्याची पहिली लक्षणे. उंच छप्पर, माथ्यावर वाफ निसटायला वाट आणि आडवे वारे खेळेल अशा मोकळ्या बाजू असतील तर शेडमधली हवा बदलत राहते. हा वायुवहनाचाच प्रश्न आहे आणि धुराड्याच्याच नियमाने सुटतो. चिपाड नीट जळले तर धूरही कमी होतो, म्हणजे चुलवाणाच्या तोंडाशी बसलेल्या माणसाच्या फुप्फुसात जाणारे बारीक कण कमी होतात. इंधनाची बचत आणि त्याचे आरोग्य इथे एकाच मापात मोजता येतात, ही दुर्मीळ गोष्ट आहे.

काहील बदलूनही बरेच साधते. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेचे एस. आय. अन्वर यांनी काहिलीच्या तळाला खालून धातूच्या समांतर पट्ट्या बसवून पाहिल्या. मोटारसायकलच्या इंजिनाभोवती पातळ कडा असतात तशा, फक्त तिथे त्या उष्णता बाहेर टाकतात आणि इथे आत ओढतात. तप्त वायूला भिडणारे क्षेत्रफळ वाढले आणि इंधनाची बचत सुमारे ३१ टक्के झाली. पट्ट्यांवर काजळी बसते, ती खरवडावी लागते, हा त्यातला रोजचा त्रास.

कोल्हापूरकडे एकाच मोठ्या काहिलीची पद्धत रुळलेली आहे. तिच्याखालून निघालेला वायू सरळ धुराड्यात जातो. वाटेत दुसरी काहील ठेवली तर पुढचा रस त्याच वायूवर आधी तापून तयार राहतो. चार काहिलींच्या चुलवाणाचा हेतू तोच. आणि तरीही १.७३ किलोंचा खप म्हणजे ६५०-७०० ग्रॅमच्या गरजेच्या अडीच पट आहे. घाण्यातून निघालेले ताजे चिपाड जवळपास निम्मे पाणीच असते. अवकाळी पाऊस आला की अंगणात पसरलेली चिपाडे भिजतात आणि गुऱ्हाळ बंद ठेवावे लागते. त्याच वेळी, दहा पावलांवर, ती सहज वाळवू शकेल एवढी धग धुराड्यातून आकाशात जात असते.