५५२ घरटी, एक पिल्लू

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यासमोर अ‍ॅनाकापा नावाचे एक खडकाळ बेट आहे. बेट म्हणायचे, पण खरे तर ते एका ओळीत पडलेले तीन तुकडे. १९७० साली या बेटावर तपकिरी पेलिकन पक्ष्यांनी ५५२ घरटी मांडली. हंगाम संपला तेव्हा या सगळ्या खटाटोपातून एक पिल्लू निघाले होते. एकच.

त्याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेला, सॅन दिएगोजवळच्या ला होया येथे, आज जानेवारीच्या पहाटे छायाचित्रकार लांब नळ्यांच्या लेन्स घेऊन कड्यावर ओळीने उभे असतात. पेलिकन इतक्या जवळून जातात की पंखांची टोके चौकटीबाहेर जातात. १९७० चे ते बेट आणि आजचा हा कडा यांच्यामध्ये काय घडले, आणि त्यात कॅमेऱ्याचा वाटा किती, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी पक्ष्याविषयी. पेलिकन कुळात हा सर्वांत लहान, तरी पसरलेल्या पंखांची लांबी दोन मीटरच्या घरात. आपल्याकडे दिसणारे पेलिकन पाण्यावर तरंगत, बऱ्याचदा घोळक्याने, चोच बुडवून मासे गोळा करतात. तपकिरी पेलिकन आणि त्याचा पेरूमधला भाऊबंद हे दोघेच उंचावरून सूर मारतात. अठरा-वीस मीटरवरून मासा हेरायचा, पंख मागे ओढायचे आणि दगडासारखे पडायचे. पाण्याला भिडण्याच्या क्षणी पक्षी अंग किंचित डावीकडे वळवतो. त्यामुळे मानेच्या उजव्या बाजूची श्वासनलिका आणि अन्ननलिका आघातातून वाचतात. कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात, त्या धक्का झेलतात. चोचीखालची झोळी फुगते, तिच्यात दहा-अकरा लिटर पाणी माशासकट शिरते. मग पक्षी चोच छातीशी टेकवून पाणी निथळू देतो आणि त्यानंतरच गिळतो. या निथळण्याच्या वेळात सीगल डोक्यावर येऊन बसतात आणि चोचीतला घास पळवतात. कोणत्याही मासळीबाजारात मांजरे करतात तेच.

या पक्ष्याचे पहिले महत्त्वाचे छायाचित्रकार म्हणजे फ्रँक चॅपमन. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत त्यांनी पुढे मोठे नाव मिळवले, पण त्यांच्याकडे महाविद्यालयाची पदवी नव्हती. सुरुवातीला ते बँकेत नोकरी करत. (पतसंस्थेच्या खतावण्या लिहिता लिहिता पक्ष्यांकडे वळलेल्या माझ्यासारखीला हा तपशील गाळवत नाही.) १८८६ साली त्यांनी मॅनहॅटनच्या रस्त्यांवर फिरून बायकांच्या टोप्या मोजल्या. ७०० टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसे होती. या फॅशनपायी अमेरिकेतल्या पाणपक्ष्यांच्या वसाहतीच्या वसाहती मारल्या जात होत्या. त्यानंतर चॅपमन कॅमेरा घेऊन फ्लोरिडातल्या इंडियन रिव्हरमधल्या एका चिमुकल्या बेटावर जाऊ लागले. पाच एकरांच्या आसपासची ती जागा, नाव पेलिकन आयलंड. काचेच्या प्लेटा, जड पेट्या, उन्हात आडोसा करून तासन् तास बसणे, असे ते काम होते. त्यातून मिळालेली चित्रे त्यांनी पुस्तकांत छापली, व्याख्यानांत पडद्यावर दाखवली. ज्या लोकांनी पेलिकन फक्त टोपीवर पाहिला होता, त्यांना तो घरट्यावर बसलेला दिसला.

बेटासमोर राहणारे पॉल क्रोगेल हे जर्मनीहून आलेले गृहस्थ त्याआधीपासून होडी आणि बंदूक घेऊन शिकाऱ्यांना अडवत होते. १४ मार्च १९०३ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी पेलिकन आयलंड पक्ष्यांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला. संघराज्य सरकारने पक्ष्यांसाठी राखलेली ही पहिली जागा. क्रोगेल तिचे रक्षक झाले. पगार महिना एक डॉलर. पहिल्या महायुद्धात अन्नटंचाई आली तेव्हा पेलिकन माणसांचे मासे खातात अशी ओरड मच्छीमारांनी केली आणि १९१८ मध्ये याच बेटावर चारशेहून अधिक पिल्ले काठ्यांनी मारली गेली. पक्ष्यांचा आहार तपासला तेव्हा माणसाच्या ताटात येणारे मासे त्यात जवळजवळ नव्हतेच.

बंदूक आणि काठी निदान दिसते. तिसरे संकट दिसणारे नव्हते.

डीडीटी या रसायनाचा कीटकनाशक गुण स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये शोधला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ते अयोग्य होते असे मी म्हणणार नाही. लहानपणी आमच्या गावात मलेरियाचे फवारणीवाले यायचे, भांडीकुंडी अंगणात काढायला लावायचे आणि फवारा मारून झाला की भिंतीवर तारीख घालून जायचे. ओल्या भिंतीचा तो वास माझ्या पिढीतल्या पुष्कळांना आठवत असेल. आजीच्या पिढीला हिवतापाने गेलेली माणसे बोटांवर मोजून सांगता येत होती, आईच्या पिढीला तशी मोजावी लागली नाहीत. डीडीटीविषयी लिहिताना ही बाजू न सांगणारा माणूस मला अर्धवट वाटतो. पुढे रायगड जिल्ह्यातल्या रसायनी येथे हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीच्या कारखान्यात डीडीटी तयार होत असे. शेतीसाठी त्याचा वापर भारताने १९८९ मध्ये थांबवला. मलेरियासाठी चालू ठेवला.

अडचण अशी की हे रसायन सहजी विघटित होत नाही आणि चरबीत साठते. सूक्ष्म जीवांतून लहान माशात, माशातून पक्ष्यात जाताना प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढते. कॅलिफोर्नियाचे पेलिकन प्रामुख्याने अँकोव्ही खातात. हा आपल्या मांदेलीच्या जातकुळीतला, तेलकट, थव्याने राहणारा मासा. पक्ष्याच्या शरीरात डीडीटीचे डीडीई होते, आणि हे डीडीई कवचग्रंथीत कॅल्शियम पोचवणाऱ्या विकराच्या कामात अडथळा आणते. मादी मरत नाही, आजारीही दिसत नाही. अंडेही वेळेवर घालते. फक्त कवच पातळ निघते.

आणि इथे पेलिकनची स्वतःची सवय त्याच्या मुळावर आली. बहुतेक पक्षी पोटाखालच्या उघड्या कातडीची ऊब अंड्यांना देतात. पेलिकन आपले पडदेदार पाय अंड्यांवर ठेवतो. जवळजवळ त्यांच्यावर उभाच राहतो म्हणा ना. लाखो वर्षे कवच हे वजन पेलत आले होते. १९६९ च्या मार्चमध्ये रॉबर्ट राइझब्रो हे शास्त्रज्ञ अ‍ॅनाकापावर उतरले, तेव्हा घरट्यामागून घरट्यात चिरडलेली अंडी दिसत होती. आईबापांनी ती उबवता उबवता फोडली होती. फुटलेली काही कवचे जुन्या कवचांच्या जवळजवळ निम्म्या जाडीची भरली.

‘जुनी कवचे’ हा शब्द सहज वाचून पुढे जाण्यासारखा नाही. एकोणिसाव्या शतकात अंडी जमवणे हा सुखवस्तू लोकांचा छंद होता. घरट्यातून अंडे उचलायचे, बारीक भोक पाडून आतला बलक काढायचा, कवचावर शाईने तारीख लिहून खणात ठेवायचे. आज हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. पण त्या खणांमुळेच १९६७ मध्ये ब्रिटनमधल्या डेरेक रॅटक्लिफ यांना बहिरी ससाण्याच्या अंड्यांचे कवच युद्धानंतर एकाएकी पातळ झाल्याचे दाखवता आले. पुढच्या वर्षी जोसेफ हिकी आणि डॅनियल अँडरसन यांनी अमेरिकेतल्या शिकारी पक्ष्यांबाबत तेच दाखवले. कवचे पातळ होण्याची सुरुवात १९४७ पासून होती. छंदिष्टांनी लुटलेली अंडी अशी साक्षीदार झाली.

अ‍ॅनाकापाच्या बाबतीत गुन्हेगाराचा पत्ताही सापडला. लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्स येथे माँट्रोज केमिकल कंपनीचा डीडीटीचा कारखाना १९४७ पासून चालू होता. त्याचे सांडपाणी शहराच्या गटारातून पालोस व्हर्डेसजवळ समुद्रात जाई. १९७० पर्यंत या वाटेने सुमारे १,७०० टन डीडीटी समुद्रतळावर गेले असा अंदाज आहे. त्या वर्षी हा विसर्ग बंद झाला. त्याच वर्षी तपकिरी पेलिकनचे नाव संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेले. जून १९७२ मध्ये विल्यम रकल्सहाउस यांनी शेतीतल्या डीडीटीवरील बंदी जाहीर केली आणि वर्षअखेर ती अमलात आली. निर्यातीला मात्र मुभा होती. माँट्रोजचा कारखाना १९८२ पर्यंत चालला. अ‍ॅनाकापावर सत्तरीच्या दशकाच्या मध्यापर्यंत पिल्ले पुन्हा शेकड्यांनी दिसू लागली.

लुइझियानाची गोष्ट वेगळी आणि जास्त विचित्र. या राज्याच्या मुद्रेवर आणि झेंड्यावर पेलिकन आहे. आपल्या छातीचे रक्त पाजून पिल्ले वाढवणारी माता, अशी ती जुनी ख्रिस्ती प्रतिमा. (खरा पेलिकन तसे काही करत नाही.) १९६६ मध्ये राज्याने तपकिरी पेलिकनला अधिकृत राज्यपक्षी केले, तेव्हा राज्यात एकही जोडी घरटे करत नव्हती. तिथे दोष डीडीटीपेक्षा मिसिसिपीतून येणाऱ्या एंड्रिनसारख्या जहाल कीटकनाशकांकडे जातो; ती कवच पातळ करत बसत नाहीत, मासे आणि पक्षी सरळ मारतात. १९६८ ते १९८० या काळात फ्लोरिडातून १,२७६ पिल्ले आणून लुइझियानात सोडली गेली. त्यांतली पुष्कळशी बाराटारिया उपसागराच्या तोंडाशी, ग्रँड टेर बेटाच्या परिसरात. १९७१ मध्ये त्यांनी जवळच्या क्वीन बेस बेटावर घरटी केली. १९७५ मध्ये कीटकनाशकांनी पुन्हा मोठी मर झाली, तरी काम थांबले नाही. झेंड्यावरचा पक्षी दुसऱ्या राज्यातून आणावा लागला, हे तिथल्या लोकांनी न लाजता केले याचे मला कौतुक वाटते.

आता ला होया. भाचीकडे राहायला गेले होते तेव्हा आठ सकाळी मी तिथे गेले. पहिली गोष्ट जाणवते ती वास. कड्यावर वर्षानुवर्षांची विष्ठा आहे, आणि छायाचित्रात वास येत नाही हा या कलेचा मोठाच फायदा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ यासाठी की विणीच्या दिवसांत इथल्या पेलिकनची झोळी लालभडक होते, डोके पिवळसर आणि मान मागून गडद तपकिरी. अंग राखाडी-तपकिरी आणि डोके फिकट, त्यामुळे कॅमेऱ्याने अंगावरून उजेडाचे माप घेतले की डोक्यावरची पिसे पांढरीफटक उडतात. माप डोक्यावरून घ्यायचे आणि अंग थोडे काळोखात जाऊ द्यायचे. सूर टिपायचा तर सेकंदाचा दोन हजारावा भाग किंवा त्याहून कमी वेळ ठेवावा लागतो. आणि पक्षी पडू लागल्यावर कॅमेरा उचलला तर उपयोग नाही. हवेत तो जरा थबकतो, मान खाली वळते, ते ओळखता यावे लागते. कोवळ्या पक्ष्यांचे सूर जास्त फसतात. मला मात्र तेच पाहायला आवडले.

पण जिथे हा सगळा प्रकार घडला ते घरटे इथे दिसत नाही. ज्या पश्चिम अ‍ॅनाकापावर मुख्य वसाहत आहे, तो भाग एखाद्या पुळणीपुरता सोडला तर लोकांना बंद आहे. माणूस जवळ गेला की आईबाप उडतात, सीगल अंडी खातात, पिल्ले उन्हात उघडी पडतात. म्हणजे चॅपमन यांनी ज्या चित्रांनी पक्षी वाचवला, ती चित्रे काढायला आजच्या हौशी छायाचित्रकाराला मनाई आहे. मला ती योग्य वाटते.

१७ डिसेंबर २००९ रोजी तपकिरी पेलिकनचे नाव संकटग्रस्त यादीतून पूर्णपणे काढले गेले. कॅरिबियन आणि लॅटिन अमेरिका धरून संख्या साडेसहा लाखांहून अधिक सांगितली गेली. त्यानंतर चारच महिन्यांनी, २० एप्रिल २०१० ला, मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या तरंगत्या मंचाचा स्फोट झाला. ३ जूनला असोसिएटेड प्रेसचे छायाचित्रकार चार्ली रीडेल यांनी ईस्ट ग्रँड टेर बेटावर जे टिपले ते जगभर छापले गेले: डोक्यापासून पायापर्यंत घट्ट तपकिरी तेलात थबथबलेला पेलिकन, चोच उघडी, पंख उचलता येत नाहीत. फ्लोरिडाची पिल्ले सोडली होती तोच हा परिसर. ला होयातली हजार सुंदर चित्रे या एका चित्राच्या जवळपासही जात नाहीत, हे एक हौशी छायाचित्रकार म्हणूनच लिहिते आहे. नंतर तेलकंपनीकडून वसूल झालेल्या भरपाईतून क्वीन बेस बेट, जे समुद्राने खाऊन पाच एकरांवर आणले होते, भर घालून २०२० मध्ये सुमारे ३६ एकरांचे केले गेले.

डीडीटी ओळखता आले, बंद करता आले, आणि पक्षी परतला. आताच्या अडचणींना असा एक कारखाना नाही. २०२२ आणि २०२४ च्या वसंतात कॅलिफोर्नियात शेकडो पेलिकन हाडे निघालेल्या अवस्थेत रस्त्यांवर आणि गावांत सापडले, उपाशी होते.

आणि जुने विषही कुठे गेलेले नाही. पालोस व्हर्डेसच्या तळावर ते गाळात आहे. कॅटलिना बेटाकडच्या खोल पाण्यातही डीडीटीचा कचरा टाकला जात असे, हे अलीकडे नव्याने तपासले जात आहे. बिग सरच्या किनाऱ्यावर पुन्हा वसवलेले कंडोर मेलेले सी लायन खातात. सी लायनच्या चरबीत डीडीई आहे, आणि त्या कंडोरांच्या अंड्यांची कवचे पातळ भरली आहेत.