चुन्याची रेघ आणि ड्रोनचा डोळा

गावठाणातल्या मिळकतींची ड्रोनने मोजणी करणाऱ्या, 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन उडण्याआधी मिळकतींच्या हद्दींवर चुन्याच्या रेघा ओढतात. गोंदिया जिल्ह्यातल्या कौलारू गावठाणांत त्यांचं मोल फार, कारण झाडाखाली झाकलेला कोपरा वरून दिसत नाही. एकच बिंदू ड्रोनच्या अनेक फोटोंत सापडला, तरच त्या जागेचा त्रिमितीय नमुना घडतो; म्हणून लागोपाठचे फोटो साधारण 70-80 टक्के एकमेकांवर यावे लागतात. तलावाच्या हलत्या पाण्यावर असे बिंदू मिळतच नाहीत. जमिनीवर नेमके मोजलेले काही बिंदू गणितात घ्यावेत, काही मुद्दाम बाजूला ठेवून त्यांवर नमुना पडताळावा. खरी अचूकता तिथेच कळते, सॉफ्टवेअरच्या अहवालात नव्हे. मोजणीच्या दिवशी आपल्या हद्दीवर रेघ ओढताना स्वतः हजर राहा.