साठ किलोवर अडकलेला रॉड

मीराबाई चानूने फेब्रुवारी २०२० मध्ये कोलकात्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत स्नॅचला ८८ किलो उचलले. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने उचलले तेही ८८च. मधल्या साडेचार वर्षांत टोकियोचं रौप्य झालं, बर्मिंगहॅमचं सुवर्ण झालं, क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोचा जागतिक विक्रम झाला. स्नॅचचे ९० मात्र काही केल्या झाले नाहीत.

अडकणं कुणालाच चुकत नाही, एवढंच यातून घ्यावं. पुढे तिच्याशी आपली तुलना संपते, कारण ती माणसाच्या ताकदीच्या जवळजवळ शेवटच्या टोकाला अडकली होती. सापगाव, शहापूर, मुरबाड या पट्ट्यात वर्षभर घाम गाळलेला एखादा पोरगा जिममध्ये येऊन "दादा, बेंच साठच्या वर जातच नाही" म्हणतो, तेव्हा तो कुठल्याच टोकाला पोचलेला नसतो. त्याच्या साठच्या वर भरपूर जागा मोकळी असते. त्याला अडवणारी कारणं साधी असतात, आणि माझ्या मते त्यातली निम्मी तरी जिमच्या दाराबाहेरची असतात. दादाचा उपाय मात्र बहुतेक वेळा ठरलेला: अजून एक एक्सरसाइज वाढव.

आधी ताकद वाढते कशी, ते बघू. पहिल्या दोन-तीन महिन्यांत वजन भराभर चढतं, पण तेवढ्यात स्नायू काही फारसे वाढलेले नसतात. स्नायूतले तंतू गटागटाने कामाला लागतात, आणि एकेका गटाला मज्जारज्जूतून निघणारा एकेक मज्जातंतू जोडलेला असतो. हलक्या कामाला लहान गट पुरतात, मोठे गट वजन जड झालं की जागे होतात. नवख्याला हे सगळे गट एकाच वेळी कामाला लावता येत नाहीत. सुरुवातीच्या महिन्यांत शरीर तेच शिकतं, म्हणून आठवड्याला अडीच-पाच किलो सहज वाढतात आणि प्रत्येकाला वाटतं, आपण जन्मजात पैलवान आहोत. हे शिकणं बरंचसं आटोपलं की पुढची वाढ प्रत्यक्ष स्नायू वाढण्यावर येते. ते काम महिन्यांच्या हिशेबाने चालतं.

साधा गुणाकार करून पाहा. आठवड्याला अडीच किलो म्हणजे वर्षाला १३०. चाळीस किलोपासून सुरुवात करणाऱ्याने वर्षाअखेर १७० किलोची बेंच मारायला हवी. तसं कुणाचं होत नाही. वेग मंदावणं हा बिघाड नव्हेच.

दुसरं कारण प्लेटांचं, आणि त्याकडे कुणी बघतच नाही. आपल्याकडच्या कितीतरी जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना एकेक लावली की एकदम पाच किलो चढतात. साठवरून पासष्ट म्हणजे आठ टक्क्यांची उडी. दीडशेच्या डेडलिफ्टवर तेच पाच किलो जेमतेम तीन टक्के होतात. म्हणून बेंच आणि खांद्याचा प्रेस आधी अडकतो, डेडलिफ्ट सगळ्यात शेवटी. आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंगमध्येही पूर्वी वजन अडीच किलोच्या पटीतच वाढवावं लागे. २००५ पासून तिथे एकेक किलो वाढवायची मुभा आहे. ऑलिंपिकमध्ये उतरणाऱ्यांना एक किलोची पायरी लागते, तर साठ किलोवाल्या पोराने पाचाची का घ्यावी? सव्वा किलोच्या दोन प्लेटा स्वतःच्या पैशाने घेऊन बॅगेत ठेवाव्यात. त्याही नसतील तर किराणा दुकानाच्या काट्यावर अर्धा-अर्धा किलो वाळू तोलून दोन पिशव्या शिवून घ्याव्यात आणि रॉडच्या दोन्ही टोकांना घट्ट बांधाव्यात. लोक हसतील. हसू द्यावं.

आता मुळात अडकलंय का, हे तपासायचं. एका सोमवारी पासष्ट गेले नाहीत म्हणजे अडकलं असं नाही. चार-पाच आठवडे वजनही वाढलं नाही आणि रेपही वाढले नाहीत, तरच ते अडकणं. रेपचं महत्त्व बरेच जण विसरतात. त्यासाठी एक ढोबळ सूत्र आहे: रेपच्या संख्येला तिसाने भागा, त्यात एक मिळवा आणि त्याने वजनाला गुणा. साठ किलोचे पाच रेप म्हणजे एका रेपचं कमाल वजन अंदाजे ७०. त्याच साठचे आठ रेप झाले की तेच ७६. प्लेट एकही वाढली नाही, पण पोरगा सहा किलोंनी पुढे गेला. लिहून ठेवलं नसेल तर हे त्याला कधी कळणारच नाही. मोबाइलमध्ये दिवसाला चार ओळी लिहिल्या तरी पुरे.

स्पॉटरचाही हिशोब करायला हवा. दोस्त डोक्यामागे उभा राहून "चल, चल, तुझंच आहे" म्हणत रॉडला दोन बोटं लावतो, आणि साठातले पाच किलो तोच उचलत असतो. दुसऱ्या दिवशी दोस्त आला नाही की बेंच "कमी" होते. ती कमी झालेली नसते, खरी झालेली असते. छातीवर रॉड आदळून उसळीवर वर नेणाऱ्यांचंही तेच. हे दोन्ही बंद केलं की आकडा दहा टक्क्यांनी खाली येतो. येऊ द्यावा. मोजणी तिथून सुरू करायची.

एवढं सगळं तपासूनही आकडा खरोखर थांबलेला असेल, तर पहिला संशय थकव्यावर घ्यावा. व्यायामातून दोन गोष्टी एकाच वेळी साचत जातात, ताकद आणि थकवा. ताकद हळूहळू उतरते, थकवा लवकर. पण रोज जोर मारत राहिलं की थकव्याला उतरायला वेळच मिळत नाही आणि कमावलेली ताकद त्याच्याखाली दडून राहते. पावसाळ्यात ढगांमुळे आसनगावातून माहुलीचा डोंगर दिसत नाही म्हणून तो कुठे गेलेला नसतो. उपाय म्हणजे एक हलका आठवडा. जिम सोडायची नाही. सेट निम्मे करायचे, वजन नेहमीच्या साठ-सत्तर टक्क्यांवर आणायचं, दम लागेपर्यंत एकही सेट ओढायचा नाही. असा आठवडा घ्यायला पोरं घाबरतात, बॉडी उतरेल म्हणतात. आठवड्याभरात काही उतरत नाही. उलट त्यानंतरच्या सोमवारी अडकलेलं वजन पुष्कळदा आपोआप निघतं, आणि मग बाकीच्या उपायांची गरजच पडत नाही.

हा थकवा येतो कुठून, याचं उत्तर मात्र पुण्या-मुंबईच्या जिममधल्या तक्त्यांत सापडत नाही. भातसेच्या काठच्या सापगावात किंवा मुरबाडकडच्या कुठल्याही गावात आषाढात लावणी सुरू होते. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून आवण लावायचा आणि संध्याकाळी जिममध्ये जाऊन डेडलिफ्ट मारायची, हे शरीराला एकच काम दोनदा सांगणं आहे. कंबरेचे आणि मांडीच्या मागचे तेच स्नायू सकाळपासून राबलेले असतात. वहीत फक्त पाच सेट दिसतात, वावरातले आठ तास दिसत नाहीत. मग "डेडलिफ्ट महिनाभर हलली नाही" म्हणून पोरगा नवा प्रोग्रॅम शोधतो. शोधू नये. लावणीच्या दिवसांत डेडलिफ्ट आणि जड स्क्वॉट आठवड्यातून एकदाच ठेवावेत, तेही दोन-तीन सेट. बेंच, प्रेस, पुल-अप चालू द्यावेत. आधी कमावलेली ताकद टिकवायला नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्याचं काम पुरतं, अट एवढीच की उचललेलं वजन फार हलकं नसावं. दिवाळीच्या आसपास कापणी-झोडणी येते, तिलाही हाच नियम.

दुसरा थकवा लोकलचा. आसनगावहून पहाटेची गाडी धरून कल्याण-ठाण्याला कामाला जाणारे, किंवा पडघा-भिवंडीच्या गोदामांत पाळीपाळीने उभे राहणारे, रात्री नऊला जिममध्ये येतात आणि पाच तास झोपतात. पाच तासांच्या झोपेवर ताकद वाढवणारा कुठलाही तक्ता मला माहीत नाही. अशा माणसाने आठवड्याचे सहा दिवस जिमला जाण्यापेक्षा तीन दिवस जावं आणि उरलेल्या तीन रात्री तासभर लवकर आडवं व्हावं. हा सल्ला कुणाला आवडत नाही. फुकट असूनही घेत नाहीत, आणि दोन हजारांचा प्रोटीन पावडरचा डबा मात्र घेतात.

तिसरी गोष्ट ताटाची. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला ९६ ग्रॅम. आपल्या घरच्या दोन वेळच्या जेवणात, भात, वरण, भाजी, एखादी भाकरी धरून, चाळीस ग्रॅमच्या आसपास जातात. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात तीन ग्रॅमसुद्धा नसतात, त्यामुळे पोट भरतं पण हिशोब भरत नाही. चार अंडी २४ ग्रॅम, अर्धा लिटर दूध १६, मूठभर शेंगदाणे (५० ग्रॅम) बारा-तेरा: एवढ्यात आकडा नव्वदीच्या पुढे जातो. सुकट आणि जवळा यांच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिनंच असतात. फक्त मीठ धुऊन काढावं. घरचे वाल, चवळी, हरभरेही कामाचे. खरी गंमत श्रावणात होते. लावणीने शरीर आधीच झिजलेलं असतं, आणि नेमकी तेव्हाच घरातली अंडी-मासळी बंद होते. श्रावण पाळायचा तर पाळावा, पण त्या महिन्यात दही, उसळी आणि सोयाबीनच्या वड्या दुप्पट कराव्यात. पन्नास ग्रॅम कोरड्या वड्यांत पंचवीस ग्रॅम प्रथिनं मिळतात. आणि वजनकाट्यावर दर रविवारी उभं राहावं. शरीराचं वजन दोन किलोंनी उतरलंय आणि बेंच तेवढीच आहे, तर ती अडकलेली नाही, तिने तग धरलाय.

जिममध्ये इंजेक्शनची कुजबुज सुरू होते ती नेमकी याच टप्प्यावर. झोप, ताट आणि वही यांतलं काहीही न सुधारता सुई टोचून घेणाऱ्याला अडकण्याचं कारण कधीच कळत नाही. त्याचे हार्मोन आणि काळीज बिघडतं ते वेगळंच.

हे सगळं नीट असूनही रॉड हलत नसेल, तर तो कुठे थांबतो ते पाहायचं. मित्राला बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. बेंच छातीपासून चार बोटं वर येऊन थांबत असेल तर सुरुवातीचा जोर कमी आहे. नेहमीच्या कमाल वजनाच्या ७५ टक्के घेऊन रॉड छातीवर दोन सेकंद स्थिर धरायचा आणि मग ढकलायचा. वरच्या टोकाला थांबत असेल तर हाताचा मागचा स्नायू कमी पडतोय. पकड थोडी जवळ घेऊन मारायची. स्क्वॉटमध्ये टाचा उचलल्या जात असतील तर दोष पायाच्या ताकदीत नसून घोट्याच्या ताठरपणात असू शकतो, आणि तिथे वजन वाढवून काही मिळत नाही.

मीराबाईच्या स्नॅचची भानगडही अशीच काहीशी होती. स्नॅच साधारणपणे क्लीन अँड जर्कच्या ८० टक्क्यांच्या आसपास असावा असा अनुभव आहे. ११९ चे ८० टक्के म्हणजे ९५, आणि तिचा स्नॅच ८८. म्हणजे पाय तयार होते, अडचण खांद्याशी होती. २०२० मध्ये ती अमेरिकेत डॉ. ॲरन हॉर्शिग यांच्याकडे खांद्याच्या आणि पाठीच्या दुखण्यासाठी गेली, ती याच कारणाने. पुढच्या एप्रिलमध्ये ताश्कंदला ११९ चा विक्रम झाला.

आपल्या मावळातल्या हर्षदा गरुडचे आकडे याच चष्म्यातून वाचण्यासारखे आहेत. वडगाव मावळसारख्या छोट्या गावातल्या जिममध्ये घडलेली ही मुलगी मे २०२२ मध्ये ग्रीसच्या हेराक्लियोनला ४५ किलो गटात ज्युनियर विश्वविजेती झाली. भारताचं या स्पर्धेतलं ते पहिलं सुवर्ण. तेव्हा तिचा स्नॅच ७० आणि क्लीन अँड जर्क ८३, एकूण १५३. जुलैमध्ये ताश्कंदच्या आशियाई ज्युनियर स्पर्धेत ६९ आणि ८८, एकूण १५७. नुसता स्नॅच बघणारा म्हणेल, एक किलो घटला. पण पहिल्यांदा तिचा स्नॅच क्लीन अँड जर्कच्या ८४ टक्के होता, म्हणजे मागे पडला होता तो क्लीन अँड जर्क, आणि तोच दोन महिन्यांत पाच किलोंनी वर आला.

दुबळी जागा सापडली की मग वजनाची लाट आखायची. स्क्वॉटची कमाल १०० किलो धरू. पहिल्या आठवड्यात ७५ किलोचे पाच-पाच रेपचे पाच सेट, दुसऱ्यात ८० चे चार-चारचे पाच, तिसऱ्यात ८५ चे तीन-तीनचे पाच, चौथ्यात ६५ चे फक्त तीन हलके सेट. आठवड्यातल्या दुसऱ्या दिवशी ७० टक्क्यांवर थांबून-थांबून मारायचं. दर आठवड्याला कमाल वजन आजमावण्याची खोड याच काळात सोडावी लागते. माझ्या पाहण्यात सगळ्यात अवघड जातं ते हेच, कारण ७५ किलो मारताना आरशात कुणी बघत नाही.

आजमावणं हलक्या आठवड्यानंतरच, आणि लावणी-कापणीचे, पाळी बदलण्याचे दिवस टाळून. नुसता रॉड, मग ५० चे पाच, ७० चे तीन, ८५ चा एक. त्यानंतर स्पर्धेसारख्या तीनच संधी: ९५, १०२.५, १०५. प्रत्येकीच्या आधी तीन ते पाच मिनिटं बसायचं, बाजूला दोन स्पॉटर, आणि रॉड थांबेपर्यंत त्यांनी हात लावायचा नाही. १०५ पडलं तर पुढची लाट १०२.५ वर बांधायची, म्हणजे पहिल्या आठवड्याचे सेट साधारण ७७.५ किलोचे.