टॉरी पाइन्स राखीव निसर्गक्षेत्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याचा, सॅन डिएगो शहराच्या उत्तर सीमेवरील संरक्षित किनारी प्रदेश. क्षेत्रफळ सु. ८०० हेक्टर. पॅसिफिक महासागरालगतचे वालुकाश्माचे कडे, त्यांवरील टॉरी पाइन वृक्षांची विरळ वने आणि उत्तरेकडील लोस पेन्यास्कीटोस हे खारकच्छ (समुद्राशी अरुंद मुखाने जोडलेला उथळ जलाशय) हे याचे प्रमुख भाग होत.

टॉरी पाइन (पायनस टोरेयाना) हा जगातील अतिदुर्मिळ पाइन वृक्षांपैकी एक असून तो नैसर्गिक रीत्या केवळ हा किनारा व सांता रोझा बेट येथेच आढळतो. चार्ल्स पॅरी यांनी १८५० मध्ये त्याची नोंद करून आपले गुरू, वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन टॉरी यांचे नाव त्यास दिले. पाऊस अल्प असल्याने लांब सूचिपर्णांवर साचून ठिबकणारे धुके त्यास उपकारक ठरते. किनाऱ्यावरील वृक्षांत जनुकीय वैविध्य जवळजवळ नाही. त्यामुळे एखाद्या रोगाचा वा किडीचा प्रतिकार करण्याची क्षमता सर्वांतच कमी असण्याचा संभव असतो. १९८० नंतरच्या दशकाअखेर अवर्षणाने दुर्बल झालेले शेकडो वृक्ष साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांमुळे मेले. गंधद्रव्याचे सापळे लावून हा प्रादुर्भाव आटोक्यात आणण्यात आला.

सॅन डिएगो नगरपालिकेने १८९९ मध्ये येथील सु. १५० हेक्टर जमीन उद्यानासाठी राखून ठेवली. पुढे एलन ब्राउनिंग स्क्रिप्स यांनी लगतची जमीन विकत घेऊन तिची भर घातली. हे क्षेत्र १९५९ मध्ये राज्याच्या ताब्यात आले. १९२३ मध्ये उपाहारगृह म्हणून सुरू झालेल्या मातीच्या विटांच्या इमारतीत आता प्रदर्शनकक्ष आहे.

कड्यांच्या तळाशी इओसीन काळातील हिरवट थर, त्यांवर फिकट टॉरी वालुकाश्म व माथ्यावर तांबूस थर दिसतात. गाय फ्लेमिंग ही सु. १ किमी. लांबीची वळसेदार पाऊलवाट सर्वांत सोपी. रेझर पॉइंट वाटेवरून झिजलेल्या घळ्यांचे दर्शन होते, तर बीच ट्रेल पुळणीपर्यंत उतरते. वालुकाश्म ठिसूळ असल्याने लाटा व पाऊस यांमुळे दरडी कोसळतात. म्हणून कड्याच्या कडेला जाणे व पायथ्याशी बसणे धोक्याचे असते. वाट सोडून टाकलेल्या पावलांनी माती सुटते व झुडपांची मुळे उघडी पडतात. पाइनची शंकुफळे उचलणे, कुत्री आणणे व वरील भागात खाद्यपदार्थ नेणे यांस मनाई आहे. झुडपी पट्ट्यात कॅलिफोर्निया नॅटकॅचर हा दुर्मिळ पक्षी आढळतो.

खारकच्छाचे मुख रेल्वेचा भराव व रस्त्याचा पूल यांमुळे आकुंचित झाले आणि वाळूने बुजू लागले. मुख बंद होताच साचलेल्या पाण्यातील ऑक्सिजन घटून मासे मरतात. शहरातून बारमाही वाहत येणारे गोडे पाणी व गाळ यांमुळे खाऱ्या दलदलीतील सॅलिकॉर्नियाच्या जागी पाणकणीस वाढते. १९८५ मध्ये पुनरुज्जीवनाची योजना तयार झाली. तेव्हापासून मुख यंत्राने उघडून भरतीचे पाणी आत घेतले जाते. मात्र हे एकदा करून भागत नाही. वाळू पुन्हा साचते व मुख पुन्हा उघडावे लागते. मानवी बांधकामांनी बदललेली ही परिसंस्था आता मानवाच्या सततच्या देखभालीवरच टिकून आहे.