भरदार ज्योत आणि उरलेला गॅस

शेगडीची ज्योत भरदार आहे, म्हणजे टाकीत गॅस भरपूर आहे, असा समज हैदराबादच्या गौलीगुड्यातच काय, घरोघरी असतो. त्याचं मूळ शाळेत शिकलेल्या एका खऱ्या नियमात आहे. बंद भांड्याचं आकारमान आणि तापमान कायम असेल, तर आतल्या वायूचा दाब त्याच्या मात्रेच्या प्रमाणात असतो. गौलीगुड्याला लागून असलेल्या अफझलगंजातल्या उस्मानियासारख्या मोठ्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या सिलिंडरचा हिशेब याच नियमावर चालतो. 46.7 लिटरच्या सिलिंडरमध्ये दाब 150 बार असेल तर साधारण 7,000 लिटर ऑक्सिजन मिळतो. काटा 75 वर आला की निम्मा उरला, आणि मिनिटाला 5 लिटर या वेगाने तो सुमारे साडेअकरा तास पुरेल. मात्र तापमान बदललं की इथेही काटा फसवतो. 15 अंशांना 150 दाखवणारा सिलिंडर 40 अंशांच्या दुपारी 163 च्या आसपास दाखवील, आणि आत ऑक्सिजन एका थेंबाइतकाही वाढलेला नसेल.

स्वयंपाकाच्या टाकीला मात्र हा हिशेब लागूच पडत नाही, कारण तिच्यात मुख्यतः द्रव असतो. प्रोपेन आणि ब्युटेन यांचं हे मिश्रण दाबाखाली पातळ होतं आणि त्याच्या वरच्या मोकळ्या जागेत त्याचीच वाफ भरलेली असते. आपण वाफ वापरली की द्रवातून तेवढीच नवी वाफ तयार होते. त्यामुळे टाकीत 14 किलो असो वा 2 किलो, तापमान सारखं असेल तर दाब जवळपास सारखाच राहतो. तापमानाचा परिणाम मात्र जबरदस्त. ऑक्सिजनचा दाब 15 वरून 40 अंशांपर्यंत जाताना जेमतेम 9 टक्के वाढतो. या टाकीतला त्याच प्रवासात जवळपास दुप्पट होतो, कारण उष्णतेने द्रव जास्त वाफाळतो. शिवाय आतला दाब कितीही असो, रेग्युलेटर शेगडीकडे अवघा 30 मिलिबार सोडतो. ज्योतीवरून मात्रा ओळखायची तरी कशी?

यावर कुणी म्हणेल, शेवटी ज्योत मंद होतेच ना! होते, पण फार उशिरा. 33 लिटरच्या टाकीतला द्रवाचा शेवटचा थेंब संपला, दाब 5 बार आणि तापमान 27 अंश धरलं, तर उरलेल्या वाफेचं वजन भरतं सुमारे एक तृतीयांश किलो. 14.2 किलोंपैकी एवढंच उरल्यावर शाळेतला नियम पुन्हा लागू होतो. प्रोपेन आधी उडून जातो म्हणून दाब त्याआधीही थोडा उतरतो, हे खरं. पण त्याला मोजमाप म्हणता येणार नाही. लग्नाच्या स्वयंपाकात मोठ्या शेगड्या सलग पेटत्या ठेवल्या की टाकी गार पडते, बाहेरून दंव धरते आणि जोर कमी होतो. थोडा वेळ थांबल्यावर ती पुन्हा नीट चालते, म्हणजे गॅस संपलेला नव्हता, फक्त थंडावला होता. अशा वेळी टाकीला गरम पाणी किंवा आग दाखवणं, किंवा ती आडवी करणं, जिवावर बेतू शकतं. आडव्या टाकीतून द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो.

‘टाकी कमी भरून आली’ हा संशय तपासायचा असेल, तर त्याला वजनकाटाच हवा. टाकीच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांपैकी एकीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. ते प्रत्येक टाकीचं वेगळं, बहुधा 15 किलोंच्या आसपास. त्यात 14.2 मिळवायचे आणि टाकी देणाऱ्यासमोरच काटा लावून बघायचा; ग्राहकाला तसं मागण्याचा अधिकार आहे. घरात अंदाज घ्यायचा तर ओल्या फडक्याने टाकी पुसावी. वरचा रिकामा भाग आधी सुकतो, द्रव असलेला भाग ओलसर राहतो, आणि दोहोंमधली रेघ काही क्षण स्पष्ट दिसते.