धूर कुठला, धूळ कुठली? उपग्रहाला विचारा, पण जमिनीवरही पाहा

२३ जानेवारी २०२२, रविवार. मुंबईवर धुरकट पडदा पसरला, उभ्या गाड्यांवर पांढरट धूळ बसली. ही धूळ शहरातली नव्हती. पाकिस्तानकडून उठलेले धुळीचे वादळ अरबी समुद्र आणि गुजरातमार्गे इथवर आले होते. त्याची वाट उपग्रहाच्या चित्रांत दिसली.

हे कसे कळते? भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून सतत एकाच भागाकडे पाहतात. आपले इन्सॅट मालिकेतले हवामान उपग्रह त्यातलेच. दर अर्ध्या तासाची चित्रे ओळीने लावली की ढग, धूळ सरकताना दिसते. दुसरे उपग्रह ध्रुवांवरून फिरतात. ते बरेच खाली असल्याने बारकावे टिपतात, पण एका ठिकाणावरून दिवसातून मोजक्याच वेळा जातात.

आग ओळखायची ती तिच्या उष्णतेवरून, म्हणजे अवरक्त किरणांवरून. धूर राखाडी दिसतो, आगीच्या ठिकाणापासून शेपटासारखा लांबत जातो आणि त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड असतो. तो सेंटिनेल-५पी हा उपग्रह मोजतो. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी झाले, तेव्हा तो धूर कॅनडातल्या क्युबेकच्या जंगलांतून आल्याचे असेच स्पष्ट झाले. धूळ पिवळट-तपकिरी असते. वाळवंटावर ती साध्या फोटोत ओळखू येत नाही. मग दोन अवरक्त पट्ट्यांतल्या तापमानाचा फरक पाहतात. ही पद्धत रात्रीही चालते.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक उपग्रह वरून खालपर्यंतच्या सगळ्या हवेचे एकच चित्र देतात. धूर तीन किलोमीटर उंचीवर आहे की आपल्या नाकाशी, हे त्यावरून कळत नाही. ढगांखालचे दिसत नाही. वस्तीशेजारी जळणारा कचऱ्याचा ढीग तर बहुधा सुटतोच. म्हणून चित्र स्वच्छ आहे म्हणजे हवा स्वच्छ आहे, असे कोणी सांगितले तर मान्य करू नका. 'धूळ बाहेरून आली' हे एका दिवसापुरते खरे असेल, पण रोजच्या धुराची जबाबदारी त्यामुळे टळत नाही. सफाई कामगार, कचरावेचक, नाक्यावर उभे असलेले मजूर यांना अशा दिवशीही घरी बसता येत नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे? नासाची वर्ल्डव्ह्यू आणि फर्म्स ही संकेतस्थळे मोफत आहेत. तारीख टाका, चित्र पाहा, जतन करा. त्याच दिवसाचा हवेचा आकडा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर बघा आणि ते केंद्र आपल्या वस्तीपासून किती लांब आहे, तेही लिहा. तिसरी नोंद वस्तीतली : कोणाला दम लागला, कुठे काय जळत होते, किती वाजता. तिन्ही नोंदी एकत्र जोडून निवेदन द्या. नुसत्या तक्रारीपेक्षा असे निवेदन बाजूला सारणे अवघड जाते.