ती पिवळी रेषा सोडियमची नव्हती

वरण उतू जाऊन गॅसवर सांडलं की निळी ज्योत एकदम पिवळीधमक होते. वाडीतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात हे पाहता येतं. हा प्रताप वरणातल्या मिठाचा. मिठात सोडियम एकटा नसतो. आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन त्याच्याशी बांधलेला असतो. ज्योतीच्या उष्णतेत ही जोडी फुटते आणि सोडियमचा अणू क्षणभर सुटा होतो. त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढतो आणि सरासरी एका सेकंदाच्या सहा कोटीव्या भागात पुन्हा खाली येतो. उतरताना तो ५८९.० किंवा ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा प्रकाश देतो.

असा नेमका रंग फक्त सुटाच अणू देऊ शकतो. तापलेल्या तारेत अणू एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे तिच्या उजेडात सगळे रंग मिसळतात. अमरावती रोडवर ट्रकांच्या रांगांवर पडणारा सोडियम दिव्यांचा उजेड आठवा. त्या दिव्यांत सोडियमची वाफ दाबाखाली कोंडलेली असते. अणू सतत एकमेकांवर आदळतात, वर्णपटातली त्यांची रेषा पसरते आणि शुद्ध पिवळ्याऐवजी सोनेरी-केशरी उजेड मिळतो.

या पिवळ्या रंगाने एकदा शास्त्रज्ञांना चांगलंच चकवलं. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा भारतावरून गेला. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसले होते. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे ते नातू. ढग आड येत होते, तरी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांत त्यांना तांबडी, नारिंगी आणि निळी रेषा दिसली. नारिंगी रेषा सोडियमचीच, असं त्यांनी मानलं. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन त्याच ज्वाळा न्याहाळत होते.

२० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी ग्रहण नसतानाही त्या ज्वाळांचा वर्णपट मिळवला. हर्शेल यांना नारिंगी दिसलेली ती रेषा सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांपासून किंचित बाजूला होती. आजच्या मोजमापानुसार तिची जागा ५८७.६ नॅनोमीटर, म्हणजे फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा. पण सुट्या अणूच्या बाबतीत एवढा फरक पुरेसा असतो. लॉकियर यांनी ती एका नव्या मूलद्रव्याची मानली. तेच हेलियम.

पृथ्वीवर ते हाती लागायला १८९५ उजाडलं. विल्यम रॅम्झी यांना ते एका युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत सापडलं. एवढा उशीर का, हे मला या साऱ्या कथेत सर्वांत महत्त्वाचं वाटतं. रसायनशास्त्र तोवर मूलद्रव्यं ओळखायचं ती मुख्यतः त्यांच्या संयुगांवरून: कशाशी जुळतं, कोणता क्षार देतं, किती वजनाला किती लागतं. हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन आपल्या पहिल्याच कवचात पूर्ण बसलेले. त्याला कोणाला काही द्यायचं नाही, कोणाकडून काही घ्यायचं नाही. सोडियमचा अणू ज्योतीत क्षणभर सुटा होतो आणि लगेच कुणाशी तरी जोडला जातो. हेलियमचा कायमच सुटा. परीक्षानळीत कुठलीही खूण न ठेवणाऱ्या या अणूची ओळख पटली ती त्याच्या प्रकाशामुळे.

विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो, आणि लॉकियर यांनी १८६८ मध्ये किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या कट्ट्यां’वरून हा शोध लावला असं सांगितलं जातं. किल्ल्याचा अभिमान योग्यच आहे, पण ही गोष्ट दुरुस्त करायला हवी. १८६८ च्या ग्रहणाला लॉकियर भारतात नव्हते. ते विजयदुर्गावर आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला.

त्या ग्रहणाचा पट्टा आपल्या विदर्भातूनही गेला होता. धामणगावजवळच्या तळणीला ब्रिटिश खगोलप्रेमींचा तळ पडला आणि तिथून अॅनी माँडर यांनी सूर्याच्या प्रभामंडलाचा दूरवर पसरलेला झोत छायाचित्रात टिपला. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नायगामवाला आपली उपकरणं घेऊन उभे होते. ग्रहण खग्रास होताना आणि सुटताना सूर्याच्या कडेवरचे सुटे अणू काही सेकंदच आपापल्या रेषांनी उजळतात. त्या सेकंदांसाठी ही सारी तयारी होती.